उसनं नेलेलं झाड

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका वकिलानं मला फसवलं. आमच्या गावच्या डोंगरावरचं एक झाड मी त्याला दोन पावसाळ्यांसाठी उसनं दिलं होतं. त्यानं ते एका गोऱ्या साहेबाला भेट देऊन टाकलं आणि परत करायची वेळ आली तेव्हा माझ्या हातात दुसरंच झाड ठेवलं. झालं ते एवढंच.

लिहायला बसलो त्याचं कारण असं की गावात वेगळंच बोललं जातं. गाव म्हणतं, मी देवाचं झाड विकलं. मी जन्मभर विकण्याचाच धंदा केला. तंबाखू विकली, कुंड्या विकल्या, बियाणं विकलं, शेणखत विकलं, एकदा तर पडक्या विहिरीतला गाळसुद्धा विकला. जे विकलं ते विकलं म्हणून तोंडानं सांगितलं. हे एक झाड मात्र मी विकलं नाही, आणि नेमकं हेच विकलं असं माझ्या नावावर चढलं आहे.

आमचं गाव येळ्ळूरच्या पलीकडं, डोंगराला पाठ लावून बसलेलं. मी रांगत होतो तेव्हाच आई गेली. मला आक्कानं वाढवलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला गावातच दिली होती. धनी लवकर गेला, मूलबाळ नाही. डोंगराच्या माथ्याखाली आमचा देव आहे. देऊळ नाही, छप्पर नाही, एक उभा पाषाण आणि भोवती राई. तिथली झाडलोट करून दर सोमवारी दिवा लावायचं काम आक्कानं आपल्याकडं घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं. बिनमुलाच्या विधवेला गावात कुठं उभं राहायचं हे ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. आक्का त्या दिव्यापाशी उभी होती. लग्नकार्यात तिला मागं सारणाऱ्या बायकासुद्धा पोर आजारी पडलं की तिच्याकडं अंगारा मागायला येत.

मिसरूड फुटायच्या आत मी निपाणीला गेलो. तंबाखूच्या वखारीत पोती उचलली, मग एका दलालाच्या मागं हिंडलो. तिथला सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. आत काय चाललंय ते बाहेरच्याला तोंडावरून कळता कामा नये. ते मी शिकलो. राग आवरायला मात्र कुणी शिकवलं नाही. त्या रागापायी एका व्यापाऱ्याच्या अंगावर तंबाखूचं बोचकं फेकलं आणि निपाणी सुटली.

बेळगावात आलो तेव्हा हातात काही नव्हतं. कॅम्पातल्या बंगल्यांचे माळी छाटलेल्या फांद्या कुंपणाबाहेर टाकायचे. मी त्या उचलून आणायचो, वाळूत लावायचो, मुळं फुटली की डोक्यावरून पाटीतून विकायचो. पुढं खडेबाजाराच्या टोकाला रोपांचं आणि बियाणांचं दुकान झालं. तेव्हा टिळकवाडीत नवी घरं उठत होती. शिकलेली माणसं, पुढं अंगण, अंगणात गुलाब हवा, तुळशीला कट्टा हवा, फाटकावर वेल हवा. माझं बरं चाललं होतं.

हा वकील तिथलाच. बोलणं मऊ, कपडे स्वच्छ, भावात कधी घासाघीस नाही. मी सांगेन त्याला ‘बरं’ म्हणायचा. बाजारात एवढी वर्षं काढून मला त्याच वेळी संशय यायला हवा होता, पण घासाघीस न करणारं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

एक दिवस त्यानं मला व्हरांड्यात बसवलं. कॅम्पात एका साहेबाकडं त्यानं जपानी तऱ्हेचं झाड पाहिलं होतं. चिनीमातीच्या थाळीत लावलेलं, हातभर उंच, पण खोड म्हाताऱ्या झाडासारखं.

“तुमच्या डोंगरावर असतील ना अशी?” त्यानं विचारलं.

“असतील की. पण वकीलसाहेब, बुटकं झाड म्हंजे न वाढलेलं झाड. तुमच्या दारात मी चांगली वाढणारी लावतोय, आणि तुम्हाला न वाढलेलं कशाला पायजे?”

तो हसला. “अहो शेठ, वाढलेलं कोणाकडंही असतं.”

हे त्याचं बोलणं मला अजून आठवतं. त्याचं बोलणंच असं की त्यात खोटं काही सापडायचं नाही.

मला वाटलं होतं की पेरूचं किंवा डाळिंबाचं एखादं खुरटलेलं खोड देऊन वेळ मारून नेऊ. त्याला ते नको होतं. त्याला खडकावरचं, जुनं, वाऱ्यानं वाकलेलं हवं होतं. त्याच्या बदल्यात त्यानं किंमत सांगितली नाही. टिळकवाडीत जेवढे नवे बंगले होतील त्यांच्या बागांचं काम माझ्याकडं येईल असं पाहतो, एवढंच म्हणाला. त्याचा शब्द तिथं चालत होता. मी कबूल झालो.

देवाच्या वरच्या अंगाला काळा कातळ आहे. चार महिने पश्चिमेचा वारा तिथं माणसाला उभं राहू देत नाही. फटीत मूठभर माती, उन्हाळ्यात तीही भाजून निघालेली, वर शेरडं येऊन शेंडे खाऊन जायची. खाली तळ्याच्या काठी ज्या झाडाखाली बैलगाडी उभी राहते, तेच झाड त्या कातळावर कमरेएवढं राहतं. अशी झाडं तिथं बरीच होती. त्यातलं एक नांद्रुक, वडाच्याच जातीचं, सगळ्यांना माहीत होतं. खोड मांडीएवढं, उंची माझ्या कमरेपर्यंत, सगळं अंग उगवतीकडं कललेलं. मुळं कातळावर पंजा टाकल्यासारखी पसरलेली. आमच्या आज्यानं ते तेवढंच पाहिलं होतं आणि त्याच्या आज्यानंही तेवढंच पाहिलं होतं असं तो सांगे. वर जाणारा माणूस त्याला हात टेकून दम खायचा. त्यापलीकडं त्याचा कुणाला उपयोग नव्हता. सरपणाला ते कामाचं नव्हतं, म्हणून ते राहिलं होतं.

राईतली वाळली काडीसुद्धा आमच्याकडं देवाला विचारल्याशिवाय नेत नाहीत. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आधी उजवीकडची पाकळी पडली तर देवानं दिलं, डावीकडची पडली तर नाही म्हटलं. मी गावातल्या पाच माणसांना घेऊन वर गेलो. आक्का होतीच.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. “देवा, तुझ्या कातळावरचं एक झाड ह्यो तुझा ल्योक मागतोय. शहरातल्या एका बड्या माणसाच्या दारात त्ये जाणार. देणार असशील तर उजवा दे.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

डावी पडली.

मी गुरवाला म्हटलं, “सांग, वर छप्पर घालून देतो.”

पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा डावी.

“सांग, एकाच्या बदल्यात दहा रोपं आणून लावतो.”

मागून कुणीतरी खोकला आणि म्हणाला, “आरं, ह्यो निपाणीचा दलाल देवाच्या हातावर बी उपरणं टाकाय लागला!”

लोक हसले. गुरवसुद्धा हसला. मला राग आला, पण देवासमोर कुणावर ओरडणार? पुन्हा डावीच पडली.

मग आक्का पुढं झाली. ती पुरुषांत बोलायची नाही. म्हणाली, “इकत मागू नगं. उसनं माग.”

आमच्यात उसन्याला मान आहे. पीठ, मीठ, विस्तव, बैल, नांगर, सगळं उसनं जातं आणि फिरून येतं. गुरवानं गाऱ्हाणं बदललं. दोन पावसाळे झाले की झाड ह्याच जागी, ह्याच फटीत परत आणून लावायचं. बराच वेळ काही पडलं नाही. मग उजवी पडली.

“दिलं देवानं,” गुरव म्हणाला. “पर उसन्याला जामीन पायजे. ह्यो पडला शहरात. उद्या कुणाला धरायचं?”

“मी हाय,” आक्का म्हणाली. “झाड आलं न्हाय तर दिव्याला हात लावायची न्हाय.”

“असं नगं म्हणूस आक्का,” मी म्हटलं.

“का? तू आणणार न्हाईस व्हय?”

“आणणार की.”

“मग झालं तर.”

खाली आल्यावर मी वकिलाकडं गेलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. कौल, उसनं, जामीन, दिवा. तो लक्ष देऊन ऐकत होता. “छान रीत आहे,” म्हणाला. “दोन पावसाळे पुरेत मला. माझा शब्द.” मी तो धरला. एवढ्या माणसांपुढं माझ्या बहिणीनं शब्द दिला होता, तेव्हा ह्यानंही दिला तर त्यात काय विशेष, असं मला वाटलं.

शिमगा झाल्यावर झाडाच्या एका अंगाची मुळं तोडली आणि तिथं ओली माती, शेवाळ भरून ठेवलं. पावसाळा लागल्यावर उरलेली सोडवली. मुळाला धक्का लागू नये म्हणून छिन्नीनं कातळाची कपची काढावी लागली. दोन गडी होते, तरी पहार मीच धरली. झाड निघालं तेव्हा त्याच्या तळाचा आकार सगळ्यांनी पाहिला. एका अंगानं सपाट, जिथं ते कातळाला चिकटलं होतं, आणि एक मूळ खुंटीसारखं खाली गेलेलं. खाली राहिलेली जागाही तशीच. आक्कानं एक फरशी आणून त्यावर ठेवली. “बुजाय नगं,” म्हणाली.

ओल्या गोणपाटात बांधून, बैलगाडीत गवतावर ठेवून मी ते टिळकवाडीला आणलं.

वकिलानं झाड नीट ठेवलं हे मला सांगितलं पाहिजे. हिरव्या झिलईची उथळ थाळी आणवली होती. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून त्या हळूहळू वळवायचा. सावली किती, पाणी किती, सगळं पाहायचा. पानं लहान पडू लागली. जपानशी लढाई लागली होती आणि बाजारात रॉकेलसाठी रांगा होत्या, पण ह्या व्हरांड्यातल्या जपानी थाटात फरक पडला नाही. कामाला गेलो की मी त्या झाडाकडं एकदा पाहून घ्यायचो. ते जिवंत होतं. कॅम्पातल्या फुलांच्या प्रदर्शनात त्यानं ते मांडलं तेव्हा एक मोठा साहेब त्याच्यापुढं बराच वेळ उभा राहिला म्हणे. हे मला वकिलानंच सांगितलं. सरकारी वकील व्हायची त्याची खटपट चालली होती आणि त्या जागेत ह्या साहेबाचा हात होता, हे मला पुढं दुसऱ्याकडून कळलं.

त्या प्रदर्शनानंतर टिळकवाडीत ज्याला त्याला असं झाड हवं झालं. एक डॉक्टर आला, एक कंत्राटदार आला, कॉलेजात शिकवणारा एक जण आला. मी सगळ्यांना सांगितलं, त्या डोंगरावरचं मिळणार नाही. नर्सरीत रोप लावा, छाटा, दहा-पंधरा वर्षं थांबा. थांबायची कुणाची तयारी नव्हती. म्हातारं झाडच आयतं हवं. मी नाही म्हटल्यावर ते दुसऱ्यांकडं गेले. गवंडी, माळी, दगड फोडणारे, ज्याच्या हातात पहार त्याच्याकडं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मला काय, एकच हवंय. डॉक्टरला एक, कंत्राटदाराला एक, कंत्राटदाराच्या मेव्हण्याला एक. त्यांना कुणी कौल लावायला सांगितलं नाही, आणि त्यांनी आणलेल्यातली बहुतेक झाडं पुढच्या उन्हाळ्याच्या आत वाळून गेली. वाळलं की दुसरं.

दुसरा पावसाळा सरला. मी वकिलाकडं गेलो.

“सध्या पालवी आहे, हलवू नये,” तो म्हणाला.

पालवी जून झाली. “थंडीत काढलं तर धरणार नाही, तुम्हाला माहीत आहे शेठ.” ते खरं होतं. उन्हाळ्यात तेच कारण. मग पाऊस पडू द्या, म्हणाला. पाऊस पडला. मग दोनदा तो घरातच नव्हता. व्हरांड्यात झाड दिसत नव्हतं. विचारलं तर माळी म्हणाला, मागच्या अंगणात सावलीत ठेवलंय.

गावाकडून आक्काचा निरोप यायचा नाही. तिनं कधी तगादा लावला नाही. मी सणाला गेलो की ती फक्त विचारायची, “जिवंत हाय न्हवं?” मी हो म्हणायचो. ती वाढायला उठायची.

शेवटी एका सकाळी मी त्याच्या फाटकात उभा राहून ओरडलो. राग आला की मला माझाच आवाज ऐकू येत नाही. शेजारचे बाहेर आले. मी त्याच्या सनदेचा, त्याच्या शब्दाचा, त्याच्या मऊ बोलण्याचा उद्धार केला. तो बाहेर आला, चष्मा पुसत. “ओरडू नका शेठ. घेऊन जा की. मी कुठं नाही म्हटलं?” आणि माळ्याला हाक मारली. माळ्यानं मागून झाड आणलं, ओल्या गोणपाटात खालपासून वरपर्यंत गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं, वर चार पानं बाहेर. पानं नांद्रुकाचीच होती. मी ते उचललं, गाडीत ठेवलं आणि बैल हाकले. जिंकलो असं वाटत होतं.

निपाणीत पोतं फोडल्याशिवाय, पान नाकाला लावल्याशिवाय मी कधी पुढं सरकलो नाही. त्या दिवशी सुतळीला हात लावला नाही. ह्याचा विचार मी पुष्कळ केला आहे. वकिलाला माझा राग माहीत होता. त्यानं मला महिनेच्या महिने ताटकळत ठेवलं ते ह्यासाठीच. रागात असलेला माणूस माल बघत नाही, माल हिसकावतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी सबंध जन्म बाजारात काढून ते विसरलो असं त्यानं धरलं. बरोबर धरलं.

गाव वर जमलं. गुरव नवा अंगरखा घालून आला होता. आक्कानं समई घासून आणली होती, नवी वात, तेलाचं बुधलं. फरशी बाजूला केली. जागा तशीच होती, तळाशी थोडं पाणी. मी सुतळी कापली, गोणपाट सोडलं.

खोड जाडसर होतं, वाकलेलं होतं. दोन वर्षं छाटून, वळवून झाड बदलतं, हे मला माहीत होतं, म्हणून पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. मी ते फटीत ठेवलं. बसेना. तळ गोल होता. सपाट अंग कुठंच नव्हतं. फिरवून ठेवलं, तर झाड उगवतीऐवजी मावळतीकडं, वाऱ्याच्या तोंडावर कललं.

“डोस्क्यावर उभं करून बघ की!” कुणीतरी म्हणालं. थोडे हसले. मग कुणी हसलं नाही.

मी छिन्नी घेतली आणि फटीचा काठ तोडायला लागलो. दोन घाव घातले असतील. आक्कानं माझं मनगट धरलं.

“कातळ नगं फोडूस. झाड त्ये न्हवं ह्ये.”

मी छिन्नी टाकली.

“म्हंजे त्ये इकलंस व्हय?” मागून आवाज आला. तोच, कौलाच्या वेळी खोकलेला. मी त्याच्या अंगावर गेलो. आम्हाला सोडवलं. त्याचा ओठ फुटला. गावात आजही सांगतात की खोटं असतं तर एवढा चिडला कशाला असता.

गुरव आक्काकडं बघत होता.  शेवटी म्हणाला, “आक्का, उसनं काय फिटलं न्हाय.”

“व्हय,” आक्का म्हणाली. तिनं तेलाचं बुधलं आणि समई गुरवाच्या बायकोच्या हातात दिली. वात पदरातच राहिली होती, ती आठवून परत वळली आणि तीही दिली. मग खाली उतरली. 

दुसऱ्या दिवशी वकिलाकडं गेलो. तो व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होता.

“माझं झाड कुठाय?”

“दिलं की तुम्हाला.”

“त्ये न्हवं ते.”

त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. “बसा. साहेबांची बदली झाली. त्यांना ते झाड फार आवडलेलं होतं. निघताना त्यांनी ते मागितलं, आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? तुम्ही व्यवहारातले आहात, तुम्हाला सांगायला नको. म्हणून तुम्हाला दुसरं दिलं. नांद्रुक होतं, नांद्रुक दिलं. वयानं हे थोडं जास्तच भरेल.”

“हे कुठनं आणलं?”

“तुमच्याच डोंगरावरनं. मावळतीच्या अंगाला होतं, माझ्या माळ्यानं काढलं. म्हणजे बघा, देवाचं ते देवाकडंच गेलं. तुमच्या देवाचं नुकसान काही नाही.”

मी ओरडलो नाही. ओरडण्यासारखं काही आत सापडलं नाही. त्यानं आत हाक मारून चहा मागवला आणि मी तो प्यालो. का प्यालो ते अजून कळलेलं नाही. कपाला सोनेरी कड होती. समोर कठड्यावर ती हिरव्या झिलईची थाळी रिकामी होती आणि तिच्यात चिमण्यांसाठी पाणी घातलं होतं.

गावी जाऊन आक्काला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग ह्याची जागा हुडक. त्ये तरी लाव.”

मी एकटा वर गेलो. मावळतीच्या अंगाला मी बऱ्याच वर्षांत गेलो नव्हतो. लहानपणी तिथं शेरडं चारताना ज्या झाडांना धरून उतरायचो ती नव्हती. फटी होत्या. काहींत वाळलेल्या मुळांचे तुकडे, काहींत पहारेच्या पांढऱ्या खुणा, एकीत कुणीतरी विडीचं थोटूक टाकलेलं. माती वाहून गेली होती, तिथं आता काही उगवायचं नाही. उतरताना हात कशाला धरायचा ते कळेना, बसत बसत उतरलो. ताजी जागा सापडली. झाड ठेवलं. बसलं. तळ गोल, फट गोल, मूळ मुळाच्या खाचेत. दगड लावून, माती भरून, दोरीनं बांधून आलो. ते धरलं. आज ते आहे. त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वरची फट तशीच आहे, फरशी बाजूला पडलेली. आक्का म्हातारी झाली आहे. दिवा गुरवाची बायको लावते, कधी लावते, कधी नाही. सोमवारी संध्याकाळी आक्का घरातच काहीतरी काम काढते, धान्य निवडते, वाकळ शिवते. आजारी पोरं घेऊन बायका आता गुरवाच्या घरी जातात. तिनं मला एका शब्दानं दोष दिलेला नाही. मी गेलो की भाकरी करते. आम्ही दोघं जेवतो. पूर्वी मी तिला बाजारातल्या गोष्टी सांगून हसवायचो. आता सांगायला सुरुवात करतो आणि मध्येच राहतं.

मला पूर्वीसारखा रागही येत नाही. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि मी पहिल्याच भावाला हो म्हणतो. माझा मुलगा हटकतो. मी म्हणतो, जाऊ दे.

मधे साहेब लोक गेले. कॅम्पातल्या बंगल्यांतून सामान निघालं, खुर्च्या, घोड्यांची खोगिरं, कुंड्या. लिलावात मीही जाऊन उभा राहिलो. ते झाड कुठं आहे मला माहीत नाही. पुण्याला गेलं असेल, बोटीवर चढलं असेल, कुठल्या तरी थाळीत वाळून गेलं असेल. मी झाड मागत नाही. ते येणार नाही हे मला त्या चहाच्या वेळीच कळलं होतं.

पण वकील आहे. सरकारी वकील झाला, निवृत्त झाला, टिळकवाडीत त्याच व्हरांड्यात बसतो. आता सभांतून अध्यक्ष म्हणून त्याला बोलावतात आणि मराठी मुलखावर झालेल्या अन्यायावर तो मऊ आवाजात चांगलं बोलतो. मी मागच्या रांगेतून ऐकलं आहे. त्याला डोंगर चढवत नसेल तर मी डोली करतो, गडी लावतो. त्यानं एका सोमवारी वर यावं. देवापुढं नको, देवाशी त्याचं काही बोलणं झालेलं नव्हतं. त्या रिकाम्या फटीपाशी त्यानं उभं राहावं, गाव गोळा करायचं काम माझं, आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं की झाड विकलं गेलं नाही, ते मी दिलं, अमक्याला दिलं, अमक्यासाठी दिलं. आक्काला ऐकू येतंय तोवर त्यानं हे सांगावं. त्याचा शब्द मी तिच्या शब्दाशेजारी ठेवला होता. तिनं तिचा पाळला. त्याचं काय, ते त्यानं येऊन सांगावं.